एक कंस कमी

आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणं आटोपतात, त्यामुळे रात्रीचे दोन-अडीच तास घरातल्या बायकांच्या हाताशी मोकळे राहतात. मी त्या वेळात वाचते, कधी विणकाम घेते. गेल्या पावसाळ्यात सूनबाई त्याच वेळात स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायला लागली. नातवाच्या वेळी तिने पुण्यातली नोकरी सोडली होती, त्याला पाच वर्षं झाली. आता दुसऱ्या एका कंपनीने घरून काम द्यायचं कबूल केलं होतं. पहिले तीन महिने बघू, मग कायम. अट एवढीच की तिथलं सगळं काम क्लोजर नावाच्या भाषेत, आणि ते करायला तिथले लोक ईमॅक्स नावाचा एडिटर वापरतात. एडिटर म्हणजे ज्यात प्रोग्राम लिहायचे ती वही म्हणा. तिला जावा येत होतं, ही दोन्ही नावं नवीन.

पहिल्या रात्री ती तीन तास बसली. बाहेर बेळगावचा तो न थांबणारा पाऊस. दहाच्या सुमारास मी ओटा पुसून वळले तर पडद्यावर तळाशी एकच ओळ होती, 'एंड ऑफ फाइल ड्युरिंग पार्सिंग'. वाचता वाचता फाइल संपली, एवढाच त्याचा अर्थ. तिने झाकण मिटलं आणि म्हणाली, "आई, मला हे आता नाही जमायचं. पाच वर्षांत सगळं विसरले मी."

मी काही बोलले नाही. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. बी.ए. झाल्यावर १९९० साली मी आमच्याच गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये चौकशीला गेले होते. टेबलामागच्या गृहस्थांनी मार्कलिस्ट पाहिली आणि म्हणाले, "इतिहास ना? मग टायपिंगला नाव घाला. प्रोग्रामिंग तुम्हाला झेपायचं नाही." मी टायपिंगला नाव घातलं. वाद घालायचा असतो हेच तेव्हा माहीत नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला म्हटलं, "हे काय आहे ते मला सांग तरी." ती म्हणाली, "काय सांगू आई, सगळे नुसते कंस आहेत." तेवढ्यावर माझं समाधान होईना. मी इतिहासवाली, कुठलीही वस्तू जन्मापासून कळल्याखेरीज मला कळत नाही. म्हणून मग मी शोधायला लागले, आणि जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

क्लोजर ही लहानगी. २००७ साली रिच हिकी नावाच्या माणसाने ती लोकांपुढे आणली. पण तिचं घराणं जुनं, अगदी खापरपणजीपर्यंत जाणारं. त्या खापरपणजीचं नाव लिस्प. अमेरिकेत केंब्रिज गावी एमआयटी ही संस्था आहे, तिथे जॉन मॅकार्थी या गणितज्ञाने १९५८ साली तिची सुरुवात केली. विचार करणारं यंत्र बनवता येईल का, या ध्यासात तो आणि मार्विन मिन्स्की हे दोघे तरुण प्राध्यापक होते. जेरोम वीझनर या वरिष्ठांना त्यांनी गाठलं आणि मागणी केली ती अशी: एक खोली, दोन प्रोग्रामर, एक सेक्रेटरी आणि एक कार्डं पंच करायचं यंत्र. वीझनरांनी वर सहा विद्यार्थीही दिले. ही यादी वाचताना माझी नजर सेक्रेटरीवर अडकली. पुढे तिचा उल्लेख येत नाही. पण सेक्रेटऱ्यांकडे मी परत येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

त्या काळचं यंत्र म्हणजे आयबीएम ७०४. खोलीभर, काचेच्या दिव्यांचं. त्याच्याशी बोलायची रीत गिरणीसारखी. दळण डब्यात भरून गिरणीत ठेवून यायचं, नंबर लागेल तेव्हा दळून होईल, संध्याकाळी डबा आणायचा. प्रोग्राम कार्डांवर भोकं पाडून द्यायचा आणि उत्तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी घ्यायचं. एक स्वल्पविराम चुकला तर पीठ नाहीच, रिकामा डबा परत. पुन्हा रांग.

मॅकार्थीला जे हवं होतं ते मात्र यादी. लिस्प हे नावच मुळी याद्यांवर काम करणारी भाषा, अशा अर्थाच्या शब्दांवरून आलं. कंस उघडायचा, आत एकामागून एक गोष्टी लिहायच्या, कंस मिटायचा. यादीच्या आत यादी, तिच्या आत आणखी यादी. यादीत पहिली येते ती क्रिया. आपण मराठीत 'दोन आणि तीन मिळव' म्हणतो, क्रियापद शेवटी. लिस्प म्हणतं 'मिळव दोन तीन'. (+ २ ३) एवढंच. आज्ञाही यादीच आणि ज्यावर आज्ञा चालवायची ती माहितीही यादीच, हीच तिची खुबी. त्यामुळे लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम लिस्पमधलाच दुसरा प्रोग्राम वाचू शकतो, बदलू शकतो.

खरं म्हणजे हे कंस माणसांनी लिहावेत असं मॅकार्थीच्या मनात नव्हतंच. माणसांसाठी वेगळं, गणितासारखं दिसणारं लेखन तो ठरवत होता. कंस फक्त यंत्राच्या आतल्या माहितीसाठी. पण झालं असं, की ही भाषा किती सामर्थ्याची आहे हे दाखवायला त्याने एक सूत्र मांडलं. कुठलीही लिस्पमधली यादी घ्यावी आणि तिची किंमत काढून द्यावी, असं सूत्र. त्याचं नाव इव्हॅल. मॅकार्थीच्या लेखी ते कागदावर वाचायचं गणित होतं. त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह रसेलने ते पाहिलं आणि म्हणाला, हे मी यंत्रात उतरवतो. मॅकार्थीने त्याला सांगितलं की तू सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतो आहेस. रसेलने ऐकलं नाही. हाताने यंत्रभाषेत उतरवलं आणि ते चाललं! लिस्प अशी एका न ऐकणाऱ्यामुळे चालती झाली, आणि कंस कायमचे राहून गेले.

१९६० साली मॅकार्थीचा निबंध छापून आला. त्यावर 'भाग पहिला' असं लिहिलं आहे. दुसरा भाग त्याने कधीच लिहिला नाही. त्याच साली लिस्पची पहिली माहितीपुस्तिका निघाली, ती कुणी लिहावी? फिलिस फॉक्स या बाईंनी. एमआयटीतूनच गणितात डॉक्टरेट झालेल्या. त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे की मी काही लिस्पमधली मोठी जाणकार नव्हते, पण त्या गटात कुणी म्हणजे कुणी काही लिहूनच ठेवत नसे. मॅकार्थी इतरांवर चिडायचा आणि स्वतःही लिहायचा नाही. मग यांनी लिहिलं. मला हसू आलं. पुरुष शोध लावतात आणि डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या कुणी लावायच्या, तर घरातल्या बाईने. पण त्या चिठ्ठ्या नसत्या तर पुढच्यांना कुठला डबा सापडला असता?

आता बोलण्याची गोष्ट. गिरणीची रांग मोडून यंत्राशी समोरासमोर बोलावं, आपण एक ओळ टाइप करावी आणि त्याने लगेच उत्तर द्यावं, ही मॅकार्थीची फार इच्छा. त्याने ७०४ ला फ्लेक्सोरायटर नावाचा टाइपरायटर जोडून घेतला आणि बड्या कंपन्यांच्या पाहुण्यांसमोर प्रयोग ठेवला. पाहुणे चौथ्या मजल्यावर टीव्हीपुढे, मॅकार्थी पहिल्या मजल्यावर यंत्रापाशी, हातात मायक्रोफोन. सगळं हळूहळू पण नीट चाललं होतं. आणि मध्येच टाइपरायटर आपणहून टकटक करायला लागला. 'कचरावाल्याला बोलावलं आहे, काही मनोरंजक आकडे पुढीलप्रमाणे' अशा अर्थाचा मजकूर, सेकंदाला दहा अक्षरं, थांबेचना. यंत्राची जागा भरली की नको असलेल्या याद्या झाडून काढणारा एक भाग लिस्पमध्ये होता, त्याला ते कचरा गोळा करणारा म्हणत. तो नवीन होता, सगळ्यांना त्याचं कौतुक, म्हणून तो झाडलोट करताना पानभर हिशेब छापत असे. सराव झाल्यावर यंत्र ताजं करायचं राहून गेलं आणि ऐन कार्यक्रमात जागा संपली. पाहुण्यांना कचरावाल्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली, मॅकार्थीचीही. वेळ संपली, प्रयोग अर्धा राहिला. ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

मी ती सूनबाईला वाचून दाखवली. पहिल्या रात्रीनंतर ती पहिल्यांदा हसली.

फजिती झाली तरी वाट सापडली होती. पीटर डॉइच या विशीही न गाठलेल्या मुलाने १९६४ च्या सुमाराला पीडीपी-१ या छोट्या यंत्रासाठी लिस्प तयार केलं, त्यात टाइपरायटरपुढे बसून हे बोलणं निवांत करता यायचं. वाच, किंमत काढ, छापून दाखव, परत पहिल्यापासून. या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याला रेपल म्हणतात. उकळत्या आमटीतून पळीभर घेऊन चाखायचं, मीठ कमी वाटलं तर घालायचं, गॅस बंद करायचा नाही. चालू असलेल्या प्रोग्राममधला एखादाच तुकडा काढून नवा बसवायचा आणि बाकीचं जसंच्या तसं चालू ठेवायचं. आज याचं कुणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा जग कार्डांच्या रांगेत उभं होतं.

हे बोलणं किती लांबून करता येतं पाहा. १९९८ च्या ऑक्टोबरात नासाने डीप स्पेस १ हे यान सोडलं. १९९९ च्या मे महिन्यात त्यावर लिस्पमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम यान स्वतःच्या बुद्धीने चालवत होता आणि तो मध्येच अडकला. त्या कामावरच्या एका अभियंत्याने नंतर लिहिलं आहे की यानावर रेपल चालू होता म्हणून दोष हुडकता आला. अंतर १६ कोटी किलोमीटरच्या आसपास. आणि आमच्याकडे ओट्यापासून टेबलापर्यंतचं बोलणं जुळत नव्हतं.

कारण बोलायला तोंड लागतं, ते म्हणजे एडिटर. एमआयटीच्याच प्रयोगशाळेत त्या वेळी टीको नावाचा एडिटर होता. त्याच्या आज्ञा इतक्या विचित्र, की आपलं नाव टाइप करून टीको त्याचा काय अर्थ लावतो ते बघायचं, असा खेळच लोक खेळत म्हणे. जो तो आपल्या सोयीच्या छोट्या आज्ञा टीकोत बनवून घेई, त्यामुळे एकाच्या यंत्रावर दुसऱ्याला काही उमगेना. प्रत्येक घराचा मसाला वेगळा, तसं. १९७६ साली गाय स्टील याने या सगळ्या आज्ञा एकत्र करायला घेतल्या आणि रिचर्ड स्टॉलमनने ते काम पुरं केलं. तो ईमॅक्स. स्टॉलमनची अट एकच. वापरा, बदला, वाटा, पण जी सुधारणा कराल ती परत आणून द्या, म्हणजे सगळ्यांना मिळेल. आमच्या मंडळात लोणच्याचं प्रमाण देतानाची अट हीच असते, फक्त ती पाळली जात नाही.

पण तो ईमॅक्सही टीकोच्याच त्या अगम्य भाषेत होता. १९७८ साली बर्नार्ड ग्रीनबर्ग नावाच्या माणसाने हनीवेल कंपनीत मल्टिक्स या मोठ्या यंत्रप्रणालीसाठी ईमॅक्स नव्याने लिहिला, आणि लिहिला तो लिस्पमध्ये. म्हणजे ज्या एडिटरात बसून लिहायचं तोच लिस्पचा, आणि वापरताना त्याच्याशी लिस्पमध्ये बोलून त्यालाच बदलायचं. घरात राहता राहता भिंत सरकवायची.

आणि इथे त्या सेक्रेटऱ्या येतात. स्टॉलमनने २००२ साली एका भाषणात ही गोष्ट सांगितली आहे. ग्रीनबर्गच्या कचेरीतल्या सेक्रेटऱ्या हा ईमॅक्स वापरायला लागल्या. सेक्रेटरी म्हणजे त्या काळात बहुतेक बायकाच. ईमॅक्समध्ये आपल्या सोयीच्या नव्या आज्ञा कशा घालाव्यात, हे सांगणारी एक पुस्तिका कुणीतरी लिहिलेली होती. त्यांनी ती वाचली. रोजची पत्रं, मायने, तक्ते यांत आपला वेळ वाचेल अशा आज्ञा त्या स्वतः बनवू लागल्या. त्या पुस्तिकेत एक शब्द कुठेच नव्हता. हे प्रोग्रामिंग आहे, असं कुणी त्यांना सांगितलंच नाही. आपल्याला प्रोग्रामिंग येणं शक्य नाही अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे सांगितलं असतं तर त्या घाबरल्या असत्या. सांगितलं नाही, म्हणून शिकल्या.

भाषणात त्यांची नावं नाहीत. मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते. १९९० साली टेबलामागच्या त्या गृहस्थांनी तोंड न उघडता एखादी पुस्तिका पुढे सरकवली असती तर? कदाचित मला जमलंही नसतं. पण न जमण्याचा अनुभव तरी माझा स्वतःचा असता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. स्टॉलमनने एमआयटी सोडल्यावर १९८४ च्या सप्टेंबरात पुन्हा तोच संसार मांडला, ग्नू ईमॅक्स. १९८५ साली तो लोकांना मिळाला. पाया सी भाषेत, वरचं बांधकाम बहुतेक सगळं लिस्पमध्ये, ग्रीनबर्गची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून. सूनबाईच्या लॅपटॉपवर होता तो याचाच आजचा वंशज. त्याच्या पोटात दुसरं लिस्प चालवता येतं. आपण लिहितो तो कंस ईमॅक्स त्या दुसऱ्याकडे पोचवतो आणि उत्तर आणून दाखवतो. गंमत म्हणजे पोटातल्या त्या लिस्पला ईमॅक्सच्या भाषेत 'इन्फिरियर' म्हणतात, कनिष्ठ. सासू-सुनेने हा शब्द एकत्र वाचला आणि एकमेकींकडे बघितलं.

आता आमचं टेबल. ईमॅक्स सुरू होताना सगळ्यात आधी एक छोटी फाइल वाचतो. कुठल्या भांडारातून काय आणायचं, अक्षरं केवढी, कुठलं बटण कशाला, हे सगळं तिच्यात. ती फाइलही लिस्पमध्येच लिहायची. सूनबाईने कंपनीतल्या कुणाकडून आलेल्या ओळी बघून बघून टाइप केल्या होत्या. मेल्पा नावाच्या भांडाराचा पत्ता, तिथून क्लोजरसाठीचा सायडर हा भाग आणण्याची आज्ञा, आणि आणखी दहाएक ओळी. वाचता वाचता फाइल संपली, असं ईमॅक्स म्हणत होता. मी म्हटलं, "अगं, म्हणजे ते अजून वाट बघतंय. कुठलातरी कंस मिटायचा राहिलाय."

मला लिस्प येत होतं म्हणून नव्हे हो. क्रोशाची गोल पट्टी विणताना टाके जुळले नाहीत तर कुठेतरी एक सुटला आहे हे जसं कळतं, तसं. मी फाइल कागदावर उतरवून घेतली आणि उघडणाऱ्या कंसाला एक रेघ, मिटणाऱ्याला काट, अशी मोजत गेले. उघडे सत्तावन्न, मिटलेले छप्पन्न. कुठला राहिला ते मला सांगता येईना, तिने शोधला. मिटणाऱ्या कंसापाशी कर्सर नेला की त्याचा उघडणारा जोडीदार उजळतो, ईमॅक्सची ही सोय तिला तेव्हा सापडली. एकेक ओळ करत ती वर गेली. भांडाराच्या पत्त्याच्या ओळीत दोन कंस हवे होते, एकच होता. नंतर कळलं की कंस मोजून सांगणारी आज्ञा ईमॅक्समध्ये आहेच, आणि कंस एकटा राहूच देत नाही असा एक भागही मिळतो. उघडला की मिटणारा आपोआप येतो. तो तिने घातला. मला विचाराल तर आधी मोजलं ते बरं झालं.

त्या रात्री सायडर आला. मग जावा जुनं निघालं, ते नवं घालण्यात आणखी एक संध्याकाळ गेली. तो भाग कंटाळवाणा होता, सांगत बसत नाही. तिसऱ्या संध्याकाळी तिने प्रोग्राम उघडला, जोडणीची आज्ञा दिली, थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग खिडकीच्या अर्ध्या भागात रेपल उघडला. तिने एक छोटी ओळ लिहिली, कंसाच्या शेवटी जाऊन कंट्रोल दाबून एक्स, कंट्रोल दाबून ई. ओळीच्या शेजारीच उत्तर उमटलं. तिने ओळ बदलली, पुन्हा तेच केलं, नवं उत्तर. प्रोग्राम बंद नाही, पुन्हा सुरू करणं नाही. "जावात असं नव्हतं," एवढंच म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. रात्री साडेअकरापर्यंत ती टेबलावरून उठली नाही. दूध मी तापवलं.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरही ईमॅक्स घालून दिला, लेख लिहायला. तो उघडला की 'स्क्रॅच' नावाचं एक कच्चं पान समोर येतं, त्यात लिस्प लिहिलं की तिथेच चालतं. मी वाण्याच्या चिठ्ठीवरचे आकडे घातले, (+ २४० १८० ९५), अर्थात इंग्रजी आकड्यांत, आणि तिने सांगितलं तसं कंट्रोल दाबून जे दाबलं. खाली आलं ५१५. वाण्याने ५२५ लावले होते.

माझ्या प्रत्येक लेखाच्या वर मी तारीख, गाव आणि नाव घालते. दर वेळी टाइप करायचा कंटाळा. तिने एका कागदावर लिहून दिलं की मजकूर घालायची आज्ञा ही, तारखेची ही, आणि दोन्ही अमुक कंसात ठेवून नाव दे. मी चार दिवस झगडले. एकदा तारीख दोनदा यायला लागली, एकदा गाव गायब. मग जमलं. आता एफ-पाच दाबलं की तिन्ही गोष्टी वर येतात. मी तिला कौतुकाने दाखवलं, म्हटलं, बघ कशी सोय करून घेतली. ती म्हणाली, "आई, हे प्रोग्रामिंग आहे."

मला आधी खरं वाटेना. मग राग आला. कुणाचा ते कळलं नाही. ईमॅक्सबरोबर एक पुस्तकही फुकट मिळतं, प्रोग्रामर नसलेल्यांनी ईमॅक्समधलं लिस्प कसं शिकावं याचं. रॉबर्ट चॅसेल या माणसाने ते फार प्रेमाने लिहिलं आहे. पण त्याच्या नावातच तो शब्द आहे. ते आधी दिसलं असतं तर मी उघडलं नसतं, हे कबूल करते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२३ साली ईमॅक्सची एकोणतिसावी आवृत्ती आली, तिच्यात मोडी लिपी आली आहे. मोडीत टाइप करता येतं! जगभरच्या लिप्या पडद्यावर आणायचं हे काम हौसेने हातभार लावणारी माणसं करतात आणि स्टॉलमनच्या जुन्या अटीप्रमाणे परत आणून देतात. आमच्या माळ्यावर आजेसासऱ्यांच्या दुकानाच्या वह्या आहेत, सगळ्या मोडीत, वाचणारं कुणी उरलं नाही. मी मोडी निवडून एक शब्द टाइप केला तर नुसते चौकोन आले. त्या लिपीचा फॉन्ट वेगळा आणावा लागतो. तो घातल्यावर अक्षरं उमटली. यजमानांनी चष्मा लावून पाहिलं, मग काही न बोलता माळ्यावरून एक वही काढून आणली. ती अजून टेबलावरच आहे. वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखू येऊ लागली आहेत, दोन-चार.

सूनबाईचे तीन महिने दिवाळीनंतर पुरे झाले. कंपनीने ठेवून घेतलं. पहिल्या आठवड्यात एकदा तिने ते सोडायचं ठरवलं होतं, हे मला तिने आत्ता आत्ता सांगितलं. मला कुठे माहीत होतं? मी कंस मोजत होते.

मंडळात बोलता बोलता एफ-पाचची गोष्ट निघाली. एकीला तिच्या शिवणाच्या मापांचे कागद नीट लावायचे आहेत, दुसरीला भिशीचा हिशेब. दोघी म्हणाल्या, "आम्हाला पण शिकवा की ते बटण." येत्या गुरुवारी दुपारी येणार आहेत. सूनबाईचा तो कागद मी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढला आहे, मापांसाठी एक आणि भिशीसाठी एक. हा लेख छापून येईपर्यंत त्यांचं बरंचसं शिकून झालेलं असेल. तोवर तो शब्द मी त्यांच्यापुढे काढणार नाही.